डेटा स्ट्रक्चर्स झेपेल का, हे सुट्टीतच तपासा

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी प्रोग्रामिंगला चांगले मार्क पडले, म्हणजे सेकंड इयरचं डेटा स्ट्रक्चर्स, म्हणजे माहिती मेमरीत कशी मांडायची हे शिकवणारा विषय, जमेलच, असं बरेच जण धरून चालतात. ज्युनिअर मुलांसोबत लॅबमध्ये बसून माझं मत वेगळं झालंय. प्राइम नंबर, पॅलिंड्रोम, मॅट्रिक्सचा गुणाकार हे ठरलेले प्रोग्राम पाठ करूनही लिहिता येतात. शिवाय आपल्याकडे हा विषय बहुतेकांना त्या सेमिस्टरला घ्यावाच लागतो. त्यामुळे खरा प्रश्न एवढाच, की सुट्टी कशावर घालवायची.

आधी कागद-पेन घ्या, लॅपटॉप नको. ४, ९, १३, २२, ३१, ४०, ५८ हे सात आकडे लिहा आणि बायनरी सर्चने, म्हणजे चढत्या क्रमाची यादी दर फेरीला मधोमध निम्मी करत, ३५ शोधा. लो, हाय आणि मिड (शोधायच्या भागाची सुरुवात, शेवट आणि मध्य) असे तीन रकाने पाडून प्रत्येक फेरीला किंमती भरत जा. इंडेक्स शून्यापासून धरला तर मिड आधी ३ येतो, मग ५, मग ४. त्यानंतर लो ५ होतो, हाय ४ वरच राहतो आणि लूप थांबतो. ३५ यादीत नाही, हे प्रोग्रामला नेमकं कुठे कळलं ते बोट ठेवून सांगता आलं, तर तुमची तयारी चांगली आहे. हा ड्राय रन, म्हणजे प्रोग्राम कागदावर हाताने चालवून बघणं, ज्याला येतो तो पुढे अडला तरी बाहेर पडतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. सिंटॅक्स काय, विसरलात तरी बघता येतो.

मग फंक्शन. दोन व्हेरिएबलची अदलाबदल करणारं फंक्शन सीमध्ये लिहा. साध्या किंमती पाठवल्या तर मेनमध्ये काहीच बदलत नाही, पत्ते पाठवले तर बदलतं. असं का, हे मित्राला चौकोन काढून समजावता यायला हवं. लिंक्ड लिस्टचा सगळा खेळ इथूनच सुरू होतो. तिच्यातला प्रत्येक नोड ‘नेक्स्ट’मध्ये पुढच्या नोडचा पत्ता ठेवतो आणि ‘हेड’ पहिल्या नोडकडे बोट दाखवतो. लिस्टच्या सुरुवातीला नोड जोडताना आधी नव्या नोडचा नेक्स्ट जुन्या हेडकडे वळवायचा, मग हेड नव्या नोडवर आणायचा. क्रम उलटा झाला तर नवा नोड स्वतःकडेच बोट दाखवतो, जुनी लिस्ट हातची जाते आणि प्रिंट करायला घेतली की लूप संपतच नाही. कंपायलर यावर चकार शब्द काढत नाही.

पहिल्या वर्षी फक्त पायथन झालं असेल आणि पुढे सी किंवा सी प्लस प्लस असेल, तर सुट्टीतला बराच वेळ पॉइंटर (पत्ता ठेवणारं व्हेरिएबल), स्ट्रक्चर (वेगवेगळ्या किंमती एकत्र बांधणारा प्रकार) आणि मॅलॉकला (प्रोग्राम चालू असताना मेमरी मागणारं फंक्शन) द्या. पायथनची लिस्ट मेमरीचं काम परस्पर उरकते, त्यामुळे ते आपल्या नजरेस येतच नाही. डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला येणारे एम-थ्री या गणिताच्या पेपरच्या धास्तीत असतात. पण ज्यांनी डिप्लोमाला सी मनापासून केलंय, त्यांना हा विषय जड जाऊ नये.

रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावणं, अजून डोक्यात बसत नसेल, तर त्यासाठी अडून राहू नका. फॅक्टोरियलच्या कॉल्सची उतरंड कागदावर मांडता आली की सुरुवातीला तेवढं पुरतं. बाकीचं पुढे ट्री (फांद्यांसारखी रचना) शिकताना हळूहळू बसतं.