बोईसरला खोली घेण्याआधी तीनदा या

माझं माहेर गुहागर तालुक्यातलं. २००६ साली लग्न होऊन पालघरजवळच्या बोईसरला आले तेव्हा मिस्टर तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात हेल्पर होते. आता ते बॉयलरवर आहेत आणि मी पाळीवाल्यांना डबे देते. चार भाड्याच्या खोल्या बदलून पाचवं घर आम्ही स्वतःचं घेतलं. गावाकडून अजूनही फोन येतात, "वहिनी, मुलाला तिकडे नोकरी लागली, स्वस्तातली खोली बघ ना." त्या प्रत्येकाला मी जे सांगते ते इथे लिहिते आहे.

खोली बघायला तीनदा जा. एकदा कामाच्या दिवशी दुपारी, एकदा रात्री अकरानंतर, आणि एकदा पाऊस पडत असताना. एजंट तुम्हाला सुट्टीच्या दिवशी सकाळी नेतो. तेव्हा हवा मोकळी असते, गल्ली शांत असते, नळाला पाणीही असतं. आम्ही पहिली खोली तशीच घेतली. एप्रिल महिना होता. भाडं ९०० रुपये, अनामत दहा हजार. दोन बिऱ्हाडांत एक मोरी, पण खिडकीतून चिंचेचं झाड दिसायचं. तेवढ्यावर मला गाव आठवलं आणि मी हो म्हटलं. चिंचेच्या मागून कारखान्यांकडचा नाला जातो हे कळलं जूनमध्ये. पहिल्या मोठ्या पावसात पाणी उंबऱ्याला लागलं आणि त्या पाण्याचा रंग विटेसारखा लाल होता. मी पायपुसणं टाकून अडवायला गेले, ते पायपुसणं पुन्हा कधी पांढरं झालं नाही. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत आठ दिवस आग होत होती.

श्रावणापर्यंत माझी जोडवी काळी पडली. लग्नातला चांदीचा करंडा कापडात गुंडाळून पेटीत ठेवला होता, तोही शिसवी दिसायला लागला. शेजारच्या काकी किनाऱ्यावरच्या दांडी गावच्या, मासेमारी करणाऱ्या मांगेला समाजातल्या. त्यांनी करंडा हातात घेतला, अंगठ्याने घासून बघितला आणि म्हणाल्या, "पोरी, पोटुशी राहायच्या आत ही खोली सोड." सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा, आणि चांदीला काळी करतो तोही तोच. चांदी सगळीकडेच काळवंडते, पण ती हळूहळू. दीड-दोन महिन्यांत काळी होत असेल तर त्या हवेत काहीतरी आहे. तेव्हापासून मी कुठलीही खोली बघायला गेले की आधी शेजारणीशी बोलते आणि तिच्या देवघरातली चांदी बघते. निरांजन शेवटचं कधी घासलं एवढंच विचारायचं. बाई खरं सांगते.

आता वाऱ्याचं बघा. रेल्वेलाइनच्या पश्चिमेला बाजार, त्याच्या पुढे पश्चिमेलाच एमआयडीसी, आणि तिच्याही पलीकडे नांदगाव, आलेवाडी, नवापूर, दांडी ही किनाऱ्याची गावं. दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, म्हणून दुपारचा वास बाजाराच्या आणि स्टेशनच्या अंगाला जातो. रात्री वारा पडतो किंवा उलटा फिरतो, मग तोच वास किनाऱ्याकडे. पावसाळ्यात वारा नैऋत्येचा. थंडीच्या दिवसांत पहाटे हवा हलतच नाही, धूर खाली बसतो आणि तेव्हा कुठल्याच बाजूची सुटका नसते. खोली बघायला जाताना एक उदबत्ती घेऊन जा. खिडकीत पेटवा आणि धूर आत येतो की बाहेर जातो ते पाच मिनिटं बघा. दुपारी एकदा, रात्री एकदा. मग गच्चीवर जाऊन कारखान्यांच्या चिमण्या कुठल्या बाजूला दिसतात ते बघा. एवढ्यावरून तुम्हाला दिवसातले किती तास खिडकी बंद ठेवावी लागेल याचा अंदाज येतो.

कारखान्याच्या भिंतीला लागून खोली मिळाली तर भाडं कमी असतं आणि सायकलने पाच मिनिटांत गेटवर जाता येतं. एकट्या मुलाला, वर्षभरासाठी, मी समजू शकते. पण लहान मूल किंवा दम्याचं माणूस घरात असेल तर माझं म्हणणं ठाम आहे: तिथे राहू नका. भाड्यात वाचलेले पैसे पाण्याच्या जारला आणि डॉक्टरला जातात. भाडं, जार, शेअर रिक्षा आणि औषधं हे चारही खर्च एका कागदावर मांडा, मग कुठली खोली स्वस्त ते ठरवा. आमच्या दुसऱ्या खोलीचं भाडं चारशे रुपयांनी जास्त होतं आणि तिथे मुलाचा खोकला एका महिन्यात थांबला.

पाण्याबद्दल पहिला प्रश्न एकच विचारा, एमआयडीसीचं की बोअरचं? एमआयडीसीला पाणी सूर्या नदीवरून येतं, तिच्यावर धामणीचं धरण आहे. ते पाणी चांगलं, फक्त किती वाजता आणि किती वेळ येतं ते मालकाला न विचारता भाडेकरूला विचारा. कारखान्यांच्या जवळचं बोअरचं पाणी मी भांडी घासायलाही जपून वापरते. उकळलं की झालं असं पुष्कळजण समजतात. उकळून जंतू मरतात, केमिकल जात नाही. मी बाटलीभर पाणी घरी आणून त्यात तूरडाळ शिजवून बघते. जड पाण्यात डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या देऊनही दाणेदार राहते आणि पातेल्याच्या कडेला पांढरी रेघ धरते. यातून पाण्याचा जडपणा कळतो, विष कळत नाही. म्हणून बोअरला रंग, वास किंवा वर तेलासारखी साय दिसली तर पुढे विचारच करू नका.

कागदांचं थोडक्यात सांगते, पण दुर्लक्ष करू नका. भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. विकत घेणार असाल तर सातबारा स्वतः काढा आणि इतर हक्काचा रकाना वाचा. आमच्या पालघर जिल्ह्यात आदिवासींची जमीन खूप आहे आणि ती बिगर आदिवासीला सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. माझ्या डब्याच्या एका गिऱ्हाइकाने चाळीतली खोली नुसत्या स्टॅम्पपेपरवर घेतली. सहा वर्षांची बचत गेली आणि खोली कधी नावावर झालीच नाही. जमीन बिनशेती आहे का, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र आहे का, नवं बांधकाम असेल तर महारेरात, म्हणजे नव्या गृहप्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणात, नोंद आहे का, हे बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे छोटे छोटे धक्के बसत आले आहेत, तेव्हा बीम-कॉलमला तडे आहेत का तेही बघा.

नवरा-बायकोपैकी कोणी मुंबईला जाणार असेल तर आधी वेळापत्रक समोर ठेवा. डहाणूपर्यंत लोकल एप्रिल २०१३ पासून धावते, त्याने आमचं आयुष्य सोपं झालं. पण विरारच्या पुढे गाड्या विरळ आहेत. एक चुकली की पुढची लगेच मिळत नाही, आणि रात्री उशिरा घरी परतायचं असेल तर तेच जास्त जाणवतं.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं आहे ते. इथे केमिकलचे कारखाने आहेत, तेव्हा आग, स्फोट आणि गॅस या तिन्हींची तयारी घरात पाहिजे. एका रात्री जेवण उरकून मी ओटा पुसत होते तेव्हा धडाम आवाज झाला आणि तावदानं हलली. आमच्या चाळीतली निम्मी माणसं बघायला खिडकीत गेली. मिस्टर ओरडले, "खिडकीपासून लांब व्हा!" दुसरा आवाज झाला आणि समोरच्यांच्या खिडकीची काच आत, पाळण्याच्या बाजूला पडली. बाळ आजीच्या मांडीवर होतं म्हणून वाचलं. तेव्हापासून आमच्याकडे खिडकीखाली पलंग नाही आणि पाळणाही बांधलेला नाही. स्फोट ऐकला की खिडकीकडे धावायचं नाही, भिंतीच्या आडोशाला जायचं.

कारखान्याकडून गॅसचा वास आला तर दारं-खिडक्या लावा, एक्झॉस्ट बंद करा, दाराच्या फटीला ओला टॉवेल लावा, नाका-तोंडावर ओलं फडकं धरा. बाहेर पडायला सांगितलं तर आधी वारा बघा, दोरीवरचे कपडे कुठे उडतात ते. वाऱ्याबरोबर पळालात तर गॅसही तुमच्याबरोबर येतो. वाऱ्याला आडवं चालत जा, म्हणजे वारा तुमच्या खांद्याला लागला पाहिजे. क्लोरीनसारखे गॅस हवेपेक्षा जड असतात आणि सखल जागी साचतात, म्हणून नाल्याच्या बाजूला किंवा खड्ड्यात उतरू नका. मुलांना हे खेळासारखं शिकवा. माझा मुलगा सात वर्षांचा असताना रुमाल उडवून वारा सांगायचा.

वास रोजचा झाला तर तोंडी तक्रारीने काही होत नाही. मी एक वही ठेवली आहे. तारीख, वेळ, वारा कुठून, वास कसला, कोणाच्या घशाला त्रास झाला. "रात्री २.४०, वारा पडलेला, सडलेल्या कोबीसारखा, धाकट्याचे डोळे चुरचुरले." अशा महिन्याभराच्या नोंदी जोडून सगळ्या बिल्डिंगने मिळून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तारापूरच्या कार्यालयात अर्ज दिला आणि पोच घेतली. तिसऱ्या अर्जानंतर माणसं येऊन नाल्याचे नमुने घेऊन गेली. घरातला माणूस त्याच कारखान्यात असला की सही करताना हात थरथरतो, मला ठाऊक आहे. म्हणून एकट्याने अर्ज करू नका. आमच्या अर्जावर एकतीस सह्या होत्या आणि त्यातल्या बावीस कामगारांच्या घरच्या होत्या. भाकरी कारखान्यातून येते हे खरं आहे, आणि ती खाणारी पोरं निरोगी राहावीत ही मागणीही तितकीच खरी आहे.

एवढं सांभाळलं तर इथे राहणं चांगलं आहे. बाजारात पहाटे दांडी-सातपाटीची मासळी येते. पावसाच्या तोंडावर वारली बाया शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात आणि शेजारी काकडाच्या झाडाची छोटी फळं असतात. दोन्ही एकत्रच घ्या, काकडाशिवाय शेवळं घशाला खाजतात. मला हे पहिल्या वर्षी एका वारली मावशीनेच सांगितलं आणि पैसे फक्त शेवळांचे घेतले.

सामान लावून झालं की दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. त्यावर ११२, अग्निशमनाचा १०१, पाणी सोडणाऱ्याचा नंबर, रात्री येणारा एक रिक्षावाला आणि शेजारीण. अक्षरं मोठी काढा, मुलांनाही वाचता आली पाहिजेत.