पंक्चर बास्केटबॉलचा मेडिसिन बॉल

मेडिसिन बॉल म्हणजे फेकून व्यायाम करायचा वजनदार चेंडू. डंबेल हातातून सोडायचं नसतं, त्यामुळे हात पुरा लांब होण्याआधीच शरीर वेग आवरायला लागतं. चेंडू सुटून जातो, म्हणून पाय, कंबर आणि खांदे शेवटपर्यंत जोर लावतात. होडी लोटताना किंवा कबड्डीत झेप घेताना हाच झटक्याचा जोर लागतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांच्यासाठी (कार्यकाळ 1929 ते 1933) व्हाइट हाउसच्या डॉक्टरांनी यावर खेळच बसवला: 6 पौंडांचा, म्हणजे सुमारे 2.7 किलोचा चेंडू 8 फूट उंच जाळीवरून फेकायचा आणि झेलायचा.

3 किलोचा चेंडू घरी होतो. 7 नंबरचा पंक्चर बास्केटबॉल, प्लास्टरची चाळलेली वाळू 2 किलो, दोन-तीन नारळांच्या सोडणांचा सुका काथ्या, दाभण, जाड नायलॉनचा दोरा आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा घ्या. किनाऱ्यावरची वाळू नको. तिच्यातलं मीठ दमट हवेत ओल धरतं आणि शिंपल्यांच्या कपच्या पिशवी फाडतात.

चेंडूच्या काळ्या रेघेवर 10 सें.मी. चीर द्या. वाळू उन्हात कडक सुकवून दोन प्लास्टिक पिशव्यांत घट्ट बांधा, वरून जुनं कापड गुंडाळा. सुटी वाळू ओतली तर ती फेकताना एका बाजूला धावते, चेंडू वाकडा जातो आणि मनगट मुरगळतं. आधी तळाशी काथ्या ठासा, मधोमध वाळूचा गोळा बसवा, मग चहूबाजूंनी आणखी काथ्या. हलवून बघा, आत काही सरकत असेल तर अजून काथ्या हवा. चीर दाभणाने दुहेरी शिवा आणि वर पंक्चरच्या सोल्यूशनने ट्यूबचा तुकडा चिकटवा. शेवटी काट्यावर वजन करा. नवख्यांनी 2 किलोचा चेंडू करावा, त्याला 1 किलो वाळू पुरते.

आधी पाच-सात मिनिटं अंग मोकळं करा. मग गुडघे किंचित वाकवून चेंडू छातीपाशी धरा आणि दोन्ही हातांनी पुढे ढकला. दुसरी फेक बाजूची: भिंतीकडे कुशी करून उभे राहा, मागचा पाय आणि कुल्हा वळू द्या, हात त्यांच्या मागून येऊ देत. बहुतेकांची चूक इथेच होते. पाय रोवलेले ठेवून नुसती कंबर पिळली तर पाठ धरते. प्रत्येकी 8 फेकींचे 3 सेट, मध्ये दीड मिनिट विश्रांती, आठवड्यातून दोनच दिवस. फेकीचा वेग मंदावला की थांबा. जड चेंडू हळू फेकण्यापेक्षा हलका चेंडू जोरात फेकलेला कितीतरी बरा.

जागा नीट निवडा. गिलावा नसलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर रबर चार दिवसांत सोलवटतं आणि पावसात शेवाळलेल्या खळ्यात पाय सरकतो. ओहोटीनंतरची घट्ट ओली पुळण सगळ्यात उत्तम. कमरेची गादी सरकलेली असेल, रक्तदाब जास्त असेल किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पावसाळ्यात चेंडू जमिनीवर न ठेवता जाळीत टांगा. चतुर्थीच्या सुमारास पुन्हा वजन करा. ते वाढलं असेल तर काथ्याने ओल धरली आहे. शिवण उसवून काथ्या उन्हात घाला.