शटडाऊन आहे म्हणजे नक्की काय बंद, किती वेळ, आणि आपण काय करायचं

ठाणे नवी मुंबईत राहणाऱ्याला हा शब्द कोणी शिकवावा लागत नाही. पण ग्रुपवर नुसतं "उद्या शटडाऊन आहे" एवढंच पडलं की गोंधळ सुरू, पाण्याचा का लाईटचा, का कोणाच्या कंपनीचा, आणि ज्याने मेसेज टाकला तो तोपर्यंत लोकलमध्ये चढलेला असतो, रेंज नाही.

साधा अर्थ असा की चालू असलेली यंत्रणा कोणीतरी ठरवून, एकेक टप्प्याने बंद करणं, आणि बहुतेक वेळा परत चालू करायच्या इराद्यानेच. आपोआप बंद पडलं तर तो फॉल्ट किंवा ट्रिपिंग. इंग्रजीत मेल लिहायची वेळ आली तर नाम असताना शटडाऊन एकत्र लिहायचा आणि क्रियापद असताना शट वेगळं, डाऊन वेगळं, ऑफिसात निम्मे लोक इथेच घोळ घालतात.

मराठीत मात्र एक सोपी खूण आहे, शब्दाच्या मागे काय लागलंय ते बघायचं. शटडाऊन "घेतलाय" म्हणजे पाणी किंवा वीजवाल्यांचं काम. प्लँट "शटडाऊनला आहे" म्हणजे कारखाना. "शटडाऊन कर" म्हणजे कॉम्प्युटर.

आधी घेतलेला शटडाऊन, कारण आपल्याला खरा त्रास त्याचाच. लाइनमन असाच खांबावर चढत नाही, आधी लाईन बंद करून परमिट, म्हणजे कामाची परवानगी घेतो, काम झालं की परमिट परत करतो आणि मगच लाईन चार्ज होते, म्हणजे तिच्यात वीज सोडतात. म्हणून मेसेजमध्ये १० ते २ लिहिलं असेल तर २ ला फोन करून ओरडण्यात अर्थ नाही, खाली कोणीतरी अजून हात घालून बसलेला असू शकतो. वेळेच्या आधी लिफ्टचं काम उरकून घ्या, फ्रिज सारखा उघडू नका, आणि लाईट आल्या आल्या एसी लावायची घाई नको, पाच मिनिटं जाऊ द्या. शटडाऊनचा मेसेजच नव्हता आणि लाईट गेली तर ती गेली, महावितरणच्या भागात १९१२ लावा.

पाण्याचं गणित जरा वेगळं. ठाण्याला पाणी एका ठिकाणाहून येत नाही, महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम नावाची पाणी पुरवणारी कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका असे चार सोर्स आहेत, त्यामुळे दिवा मुंब्रा कळव्यात ठणठणाट आणि घोडबंदरला नळ धो धो असं होऊ शकतं. एमआयडीसीचा शटडाऊन म्हटलं की दिवा मुंब्र्याने समजून जायचं. नवी मुंबईचं मुख्य पाणी मोरबे धरणातून भोकरपाड्याला शुद्ध होऊन येतं, ती मोठी लाईन दुरुस्तीला घेतली की बऱ्याच नोडना (वाशी, नेरूळसारख्या भागांना) एकदम फटका. आणि कधी कधी पाणी बंद असायचं कारण लाईट असते, पंपिंग स्टेशनला वीज देणाऱ्या सबस्टेशनचंच काम निघालेलं असतं, मग पाणीवाले पण त्याच वेळेत आपली गळती, व्हॉल्व्ह वगैरे कामं उरकून घेतात.

आता २४ तासांचा शटडाऊन लिहिलाय म्हणजे पंचविसाव्या तासाला नळाला पाणी, हे डोक्यातून काढून टाका. लाईन रिकामी झालेली असते, आधी ती भरणार, मग जलकुंभ भरणार, मग उतारावरच्या लोकांना मिळणार आणि शेवटी उंचावरच्या आणि टोकाच्या सोसायट्यांना. नोटिशीत खाली "पुढील एक दोन दिवस कमी दाबाने" असं बारीक लिहिलेलं असतं ना, तेच वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच फॉरवर्ड करताना उडवलं जातं.

सोसायटीने करायचं ते एवढंच की आदल्या रात्री खालची टाकी आणि गच्चीवरची टाकी दोन्ही फुल करा आणि पंप ऑटोवरून मॅन्युअलवर टाका. टाकीत सेन्सर नसेल किंवा अडकलेला असेल तर रिकाम्या टाकीवर पंप कोरडा फिरत राहतो, आधी सील जातं मग मोटर, आणि रिवाइंडिंगचं बिल मेंटेनन्समधून. आमच्या वॉचमनकाकांची पद्धत मस्त आहे, झाकण उघडून बांबू सोडतात, ओली खूण कुठवर आली ते बघतात आणि मगच स्टार्टर दाबतात, सेन्सरपेक्षा माझा त्या बांबूवर जास्त विश्वास. पहिलं पाणी गढूळ येतं, ते झाडांना नाहीतर बाथरूमला.

मेसेज टाकताना असा टाका: "गुरुवार दुपारी १२ ते शुक्रवार दुपारी १२ पाण्याचा शटडाऊन, लाईन एमआयडीसीची, शनिवारपर्यंत प्रेशर कमी, पंप बंद ठेवलाय." बास.

कंपनीतला शटडाऊन. रबाळे, महापे, तळोज्याला कोणी म्हणालं आमचा प्लँट शटडाऊनला आहे तर लगेच नोकरी गेली का विचारू नका. केमिकल प्लँट अधूनमधून मुद्दाम थांबवतात, व्हेसल म्हणजे मोठ्या बंद टाक्या उघडून साफ करतात, व्हॉल्व्ह बदलतात, आत माणूस उतरवायच्या आधी गॅस टेस्ट आणि परमिट. उलट तेव्हा काम वाढतं, कॉन्ट्रॅक्टवाले, वेल्डर, फिटर सगळ्यांना ओव्हरटाइम.

घाबरायचे शब्द दुसरे आहेत. ले-ऑफ म्हणजे नोकरी आहे पण तूर्तास काम नाही, पात्र कामगाराला कायद्याने मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. लॉकआऊट म्हणजे टाळेबंदी, मालकाने वादात गेट बंद केलं. क्लोजर म्हणजे कायमचं बंद. नोटीस बोर्डावर यातलं काय लिहिलंय त्याचा फोटो काढून ठेवा, तोंडी कोण काय म्हणालं ते सोडा. गंमत म्हणजे मेंटेनन्सवाले पण लॉकआऊट म्हणतात, पण त्यांचं म्हणजे कोणी चुकून स्विच चालू करू नये म्हणून त्याला लावलेलं कुलूप. टाळेबंदी शब्दाची पण तीच गत, कोविडमध्ये लॉकडाऊनलाही तोच वापरला.

रेल्वेवाले शटडाऊन म्हणत नाहीत, ते ब्लॉक म्हणतात. २०२४ ला ठाणे स्टेशनचा प्लॅटफॉर्म रुंद करायला ६३ तासांचा घेतला होता तो ब्लॉकच.

बातम्यांतला अमेरिकेचा शटडाऊन पैशांचा असतो. त्यांचं सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, तोवर संसदेने खर्चाला मंजुरी दिली नाही तर बिनपैशाची खाती बंद, अत्यावश्यक कर्मचारी पगाराविना कामावर. २०१८-१९ मध्ये ३५ दिवस चाललं, २०२५ मध्ये ४३ दिवस. देश बंद पडत नाही, विमानं उडतच असतात, फक्त टॉवरमधल्या माणसाचा पगार अडकतो.

राहिला कॉम्प्युटर. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन केल्यावर सगळं खरंच बंद होत नाही, सिस्टिमचा काही भाग डिस्कवर साठवून ठेवतो आणि सकाळी तोच उचलतो, म्हणून रोज बंद करूनही प्रिंटरचा तोच एरर परत. अशा वेळी रिस्टार्ट मारा, ते पूर्ण साफ करून उठतं. किंवा शिफ्ट दाबून धरून शटडाऊनवर क्लिक करा.