ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी रॅम बघा: स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिसच्या मशीनबाबत या चुका टाळा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही बांधकामावर येणारा भार ते कसं पेलतं, हे कॉम्प्युटरवर तपासतो. तिथे एका स्टील जॉइंटचं सॉलिड मॉडेल, म्हणजे भरीव त्रिमितीय मॉडेल, रात्रभर चालायचं. बोल्ट, प्लेट, वेल्ड धरून ३० लाखांच्या आसपास डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे सोडवायच्या तेवढ्या अज्ञात संख्या. वैतागून मी महागडं गेमिंग कार्ड आणलं. रन तेवढाच वेळ खात राहिला. मग टास्क मॅनेजर उघडला, तर सीपीयू १० टक्क्यांवर पेंगतोय आणि डिस्क १०० टक्क्यांवर धापा टाकतेय. दुखणं रॅमचं, औषध कार्डाचं!

डायरेक्ट सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं थेट सोडवणारा सॉफ्टवेअरचा भाग, त्यांचं मॅट्रिक्स (आकड्यांचा भलामोठा तक्ता) फोडतो तेव्हा शून्यांच्या जागीही आकडे येऊन बसतात आणि मेमरी फुगत जाते. ढोबळ हिशेब असा, की १० लाख डिग्रीज ऑफ फ्रीडमला साधारण १० जीबी. भरीव सॉलिड ब्लॉक असेल तर त्याहूनही जास्त. आमच्याकडे होती एकूण ३२ जीबी, त्यातच विंडोज आणि क्रोमचे वीस टॅब. जागा संपली की सॉल्व्हर 'आउट ऑफ कोअर' जातो, म्हणजे तुकडे डिस्कवर ठेवत, परत उचलत बसतो. आउटपुट फाइलमध्ये हे लिहिलेलं असतं, पण एरर आल्याशिवाय ती फाइल उघडतो कोण?

रॅम वाढवताना सगळी एकाच स्टिकमध्ये घेऊ नका. मदरबोर्डला जितके चॅनल (रॅम आणि सीपीयूमधल्या वाटा), तितक्या सारख्या स्टिक लावा; दोन चॅनलच्या बोर्डवर एकच स्टिक लावली तर डेटा पोचण्याचा वेगच अर्धा होतो. स्क्रॅच फोल्डर, म्हणजे सॉल्व्हर तात्पुरत्या फाइली ठेवतो ती जागा, ऑफिसच्या सर्व्हरवर असेल तर आजच मशीनमधल्या एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडीवर) हलवा.

आता कार्ड. आपलं गणित डबल प्रिसिजनचं, म्हणजे प्रत्येक आकडा सिंगल प्रिसिजनपेक्षा जास्त अचूक धरणारं. आरटीएक्स ४०९० हे गेमिंग कार्ड सिंगल प्रिसिजनला सुमारे ८२ टेराफ्लॉप्स (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी) देतं, डबलला जेमतेम १.३, म्हणजे चौसष्टावा हिस्सा. ए१०० हे सर्व्हरसाठीचं कार्ड डबललाही ९.७ देतं, पण त्याची किंमत ऐकून पार्टनर उठून जातात. शिवाय घोडबंदर रोडचे टॉवर तुम्ही ईटॅब्स किंवा स्टॅड या इमारतींच्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये करत असाल, तर तिथे कार्ड मॉडेल फिरवून बघण्यापुरतंच. सोडवायचं काम सीपीयूच करतो. अन्सिससारख्या सॉफ्टवेअरमध्ये सॉल्व्हर जीपीयू (कार्डावरची चिप) वापरू शकतो, पण तुमच्या लायसन्समध्ये ते बसतं का, हे आधी विचारा.

सॉफ्टवेअरमध्ये सीपीयूच्या कोअरची संख्या देताना थ्रेड (एकेका कोअरचे दोन-दोन आभासी भाग) मोजू नका. ८ कोअर, १६ थ्रेड असतील तर ८ लिहा. १६ लिहून आमचा एक रन उलट हळू झाला होता.

आणि उन्हाळा. शनिवारी संध्याकाळी रन लावून घरी गेलो, शिपायाने शिस्तीत एसी बंद केला. सीपीयू तापून स्वतःच वेग उतरवत राहिला आणि सोमवारी सकाळी रन अजून निम्म्यावर. आता एसीच्या स्विचवर चिठ्ठी चिकटवली आहे, आणि दर दोन महिन्यांनी कॅबिनेटच्या जाळीतली धूळ ब्लोअरने काढतो.