चित्रकथा वेळेवर कशी द्यावी: घर आणि वाचक सांभाळून

चित्रकथेत लेखकाच्या उशिराची किंमत चित्रकार मोजतो. हे मला एका दिवाळी अंकाने शिकवलं. आठ पानांची गोष्ट होती आणि संहिता मी सहा दिवस उशिरा दिली. अंकाची तारीख हलणं शक्यच नव्हतं. ते सहा दिवस माझ्या चित्रकार मित्राच्या झोपेतून गेले. शेवटची दोन पानं त्याने मनगटाला पट्टी बांधून शाईत उतरवली. अंक वेळेवर निघाला, माझं नाव वर छापलं होतं, त्याचं खाली. तो एका शब्दानेही काही बोलला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

त्यानंतर मी कामाची पद्धत बदलली. मुलीची शाळा, सासूबाईंची औषधं आणि वाचकांची पत्रं हे सगळं तसंच चालू आहे, पण त्यानंतर तारीख चुकलेली नाही. नव्याने चित्रकथा लिहू लागलेल्यांसाठी ती पद्धत इथे क्रमाने देते.

आधी आपला वेग मोजा

एक महिना वहीत टिपून ठेवा: किती वाजता बसलात, किती वाजता उठलात, किती चौकटी झाल्या. पानं मोजून उपयोग नाही, कारण एका पानावर तीन चौकटी असतात आणि दुसऱ्यावर सात. माझा हिशेब असा निघाला: सलग दीड तास मिळाला तर संवादांसकट सात-आठ चौकटी होतात. तोच दीड तास अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत मिळाला तर जेमतेम तीन.

हा आकडा डोळ्यांसमोर आल्यावर मी तुकड्यांत संहिता लिहिणं सोडूनच दिलं. पहाटे साडेपाच ते सात ही वेळ फक्त चौकटींची. दिवसभरात सापडणाऱ्या तुकड्यांत संदर्भाचे फोटो शोधणं, प्रूफ बघणं, मानधनाचं बिल पाठवणं अशी कामं उरकते. तुमची सलग वेळ रात्री असेल तर रात्री लिहा, पण ती रोज एकच असू द्या. घरातल्यांना ती पाठ होते आणि मग तुम्हाला रोज दार लावून घ्यायचं कारण सांगावं लागत नाही.

तारीख उलटीकडून मोजा

संपादक जी तारीख सांगतात ती तयार पानांची असते. आपली तारीख तिच्या बरीच अलीकडे असते आणि ती आपली आपणच काढायची असते.

२०२६ चं उदाहरण घेऊ. समजा दिवाळी अंकासाठी आठ रंगीत पानं १० सप्टेंबरला हवी आहेत. अक्षरलेखन आणि प्रूफ यांना चार दिवस, म्हणजे चित्रं ६ सप्टेंबरला संपली पाहिजेत. माझ्या चित्रकाराला पेन्सिल, शाई आणि रंग धरून एका पानाला अडीच दिवस लागतात, म्हणजे वीस दिवस. रविवार, राखीपौर्णिमा, एखादा ताप यासाठी पाच दिवस वर धरा. आलो १२ ऑगस्टपाशी. कच्च्या रेखाटनांवर दोघांची चर्चा व्हायला चार दिवस लागतात. संहिता त्याच्या हातात ८ ऑगस्टला हवी. मी माझ्या वहीत ३१ जुलै लिहिते. मधला आठवडा कुणालाही सांगायचा नाही. तो मुलीच्या तापासाठी आहे.

इथे एक गोष्ट मराठी लेखकाने मुद्दाम बघावी. गेल्या वर्षीचं वेळापत्रक डोळे मिटून उतरवू नका. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. अडीच आठवड्यांचा फरक पडतो. चित्रकार कोकणातला असेल तर गणपतीच्या आठवड्यात तो टेबलाशी नसणार, हे गृहीतच धरा. आपल्याकडे दिवाळी अंकांची परंपरा का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ मासिकापासून, १९०९ पासून चालत आली आहे, आणि श्रावण ते नवरात्र हाच लिहिणाऱ्या घरांचा सर्वांत दाटीचा काळ असतो. सण आणि काम एकाच वेळी येणार हे ठरलेलंच आहे, म्हणून जूनमध्येच पंचांग उघडून बसावं.

स्वयंपाकघरातलं कॅलेंडर

मोबाइलमधल्या आठवणी फक्त मला दिसतात, म्हणून त्या घरासाठी निरुपयोगी ठरल्या. आमच्याकडे सगळं फ्रिजशेजारच्या कालनिर्णयवर असतं, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. दोनच रंग. हिरवं वर्तुळ घराचं: शाळेचं स्नेहसंमेलन, सासूबाईंच्या डोळ्यांची तपासणी, माहेरची पूजा. लाल वर्तुळ संहितेचं, आणि त्याच्या आधीचे तीन दिवस लाल पेन्सिलने फिकट भरलेले.

नियम एकच आहे: महिना सुरू होण्याआधी हिरवी वर्तुळं पहिली पडतात, लाल नंतर. नव्या कामाला होकार देण्याआधी मी फोन हातात धरूनच फ्रिजपाशी जाते. लाल पट्टा हिरव्यावर चढत असेल तर संपादकांना तिथेच सांगते, “सर, १८ ला नाही जमणार, २३ ला नक्की देते.” बहुतेक वेळा २३ चालते. नाही चाललं तर ते काम आपलं नव्हतं.

फिकट लाल दिवसांत स्वयंपाक साधा होतो. खिचडी, कढी, पापड. नवऱ्याने त्या दिवसांचा डबा आणि मुलीचा अभ्यास स्वतःकडे घेतला आहे, आणि हे काम त्याने मदत म्हणून करायचं नसून त्याच्या वाट्याचं आहे हे आम्ही दोघांनी बसून ठरवलं. ते बसून ठरवणं फार महत्त्वाचं आहे. गृहीत धरलेल्या मदतीवरूनच घरात भांडणं होतात. मुलगी आता सकाळी विचारते, “आई, आज लाल आहे का?” हो म्हटलं की आपली पाण्याची बाटली आपण भरून घेते. आणि लाल वर्तुळाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळ तिची असते, ती मी कधीच कुणाला देत नाही.

कमी लिहा, म्हणजे लवकर संपतं

संहिता लांबण्याचं एक मोठं कारण म्हणजे चित्राचं काम शब्दांनी करायला जाणं. माझ्या एका गोष्टीतली चौकट बघा. पहिल्या खर्ड्यात असं होतं:

चौकट ३. गॅलरी. बाहेर पाऊस. दप्तर घेतलेला मुलगा, खुर्चीत आजी.
मुलगा: “आजी, बाहेर किती जोरात पाऊस पडतोय बघ! आता मी शाळेत कसा जाणार?”
आजी: “थांब जरा, इतकी घाई करू नकोस, आधी गरम चहा पिऊन घे.”

छापलं ते असं:

मुलगा: “आजी, शाळा?”
आजी: “आधी चहा.”

पाऊस चित्रात आहे, दप्तर चित्रात आहे, मुलाची घालमेल त्याच्या चेहऱ्यावर आहे. शब्द गेले तसा आजीचा स्वभाव उलट ठळक झाला. देवनागरीत हे आणखी जपावं लागतं. वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार असल्याने दोन ओळींत जास्त अंतर लागतं, संवादाचा फुगा उंच होतो आणि चित्राची जागा खातो. मी एका फुग्यात बारा शब्दांवर जात नाही.

मजकूर युनिकोडमध्ये द्या आणि मांडणी करणाऱ्याकडे जुना फॉन्ट आहे का ते आधीच विचारा. रूपांतरात ‘सगळ्या’चं ‘सगळया’ होतं, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं. अशा धोक्याच्या जोडाक्षरांचे शब्द मी संहितेच्या शेवटी वेगळे लिहून देते. प्रूफ बघणाऱ्याचा अर्धा दिवस वाचतो.

वाचकांच्या कामालाही तारीख द्या

मुलांची पत्रं येतात, सोबत वहीच्या पानावर काढलेली चित्रकथा असते. शिक्षक विचारतात, शाळेत येऊन मुलांकडून काही करून घ्याल का? हे काम बाजूला सारण्यासारखं मुळीच नाही. ‘टिंकल’ या मुलांच्या चित्रकथा मासिकात १९८३ मध्ये आलेला भोळाभाबडा सुप्पंडी एका वाचकाने पाठवलेल्या लोककथांतून जन्मला आणि चित्रकार राम वाईरकरांनी त्याला रूप दिलं. वाचकाच्या पाकिटात काय असेल ते सांगता येत नाही.

घोटाळा होतो तो “बघते नंतर” या उत्तराने. मूल रोज वाट बघतं आणि आपल्या डोक्यावर ते ओझं रोज राहतं. म्हणून मी महिन्याचा दुसरा शनिवार पत्रांसाठी ठेवला आहे. त्या दिवशी जितकी होतील तितकी उत्तरं, आणि उरलेल्यांना पुढच्या दुसऱ्या शनिवारची तारीख कळवायची. उत्तरात दोनच गोष्टी लिहाव्यात: कोणती चौकट आवडली आणि का, आणि पुढच्या वेळी एक काय करून बघावं. दहा चुका दाखवल्या की मूल चित्रं काढणं थांबवतं.

शाळांचे उपक्रम वर्षाला दोन, एक जुलैत आणि एक जानेवारीत. सहामाही परीक्षेपासून ते महिने दूर आहेत. उपक्रम असा निवडा की तो त्या दिवशी वर्गातच पूर्ण होईल, घरी आणून पुरा करायचं काही उरणार नाही. एका ए-फोर कागदाची आठ पानी पुस्तिका यासाठी उत्तम. कागद असा मोडा की उघडल्यावर दोन ओळींत चार-चार असे आठ चौकोन दिसतील. मग आखूड कडा आखूड कडेवर आणून अर्धा दुमडा. घडीच्या बाजूने मधल्या रेषेवर कात्री चालवा, पण पुढच्या घडीपाशी थांबा. कागद उघडून लांबीत दुमडा, दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकला. मधली चीर उघडून अधिकचं चिन्ह तयार होतं, ते एका बाजूला मिटवलं की पुस्तिका झाली. पानांचे आकडे घडी घातलेल्या अवस्थेतच टाकून घ्यावेत, नाहीतर उलगडल्यावर मुलं हमखास गोंधळतात. सगळी पानं कागदाच्या एकाच बाजूला येत असल्याने उलगडून एक झेरॉक्स काढली की दुसरी प्रत तयार. मोठ्या मुलांना चार चौकटींचं भिंतीवरचं कॉमिक द्या. दोन ए-फोर कागद जोडून करायची ही रीत व्यंगचित्रकार शरद शर्मा यांच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ या संस्थेने गावोगावी पोचवली आहे आणि त्यात गावातल्या पाण्याचे, रस्त्याचे प्रश्न फार छान मांडता येतात.

वाचकाची कल्पना वापरायची असेल तर लेखी आणि सहीची परवानगी घ्या, मूल असेल तर पालकांची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. दोन्ही लिहूनच घ्या. नाव छापायचं वचनही त्याच कागदावर असू द्या.

तरीही अडलं तर

घरात दवाखाना निघाला, गोष्ट अर्ध्यात अडकली, तर तारीख उजाडण्याआधी फोन करा, निदान चार दिवस आधी. मेसेज करू नका. पहिला फोन चित्रकाराला, दुसरा संपादकांना. झालेली पानं तशीच पाठवून द्या. शेवटच्या दोन पानांचं वळण ठरलेलं असेल तर पहिल्या सहांवर चित्रकार काम सुरू करू शकतो.

शिल्लक ठेवण्याची सवय लावून घ्या. ‘पीनट्स’ ही वर्तमानपत्रातली चित्रपट्टी काढणारे अमेरिकी व्यंगचित्रकार चार्ल्स शुल्झ यांनी १४ डिसेंबर १९९९ ला निवृत्ती जाहीर केली, तरी त्यांची शेवटची रविवारची पट्टी १३ फेब्रुवारी २००० ला छापून आली, कारण काम छपाईच्या कितीतरी आठवडे पुढे असायचं. तेवढं आपल्याला जमणार नाही. पण एकपानी दोन गोष्टी, कोणत्याही ऋतूत चालतील अशा, मी कायम तयार ठेवते. एक वापरली की पुढच्या पंधरवड्यात तिची जागा भरायची.

पहिलं रेखाटन आलं की

कच्ची रेखाटनं फोनवर आली की मी ती छापून घेते आणि मुलीच्या हातात देते. तिने मोठ्याने वाचायचं, बोट ठेवून. मी काहीच सांगत नाही, फक्त तिचं बोट बघते. परवा चौथ्या चौकटीत तिचं बोट आधी उजवीकडच्या फुग्यावर गेलं, मग मागे आलं. उत्तर आधी वाचलं गेलं, प्रश्न नंतर. चित्रकाराला लगेच फोन केला: “दादा, पान दोन, चौकट चार, आजीचा फुगा थोडा खाली घे.” पेन्सिलमध्ये असताना ते पाच मिनिटांचं काम होतं.