समोरासमोरच्या गप्पांमधलं ‘ऐकणं’ कसं टिपावं

आजी गोष्ट सांगायला बसली की तिची एकच अट असे: हुंकार द्यायचा. नातवंडांचा ‘हं’ थांबला की गोष्टही थांबायची. १९८२ साली संभाषणाचे अभ्यासक एमॅन्युएल शेग्लॉफ यांनी हाच मुद्दा मांडला. असा हुंकार म्हणजे नुसती लक्ष असल्याची खूण नव्हे. ‘माझी बोलायची पाळी मी सोडतो, तुम्ही पुढे बोला’ असंही ऐकणारा त्यातून सांगत असतो.

कोकणातल्या मालवणी बोलणाऱ्या घरात हा हुंकार टिपायचा तर आधी घरच्यांची परवानगी घ्या. रेकॉर्डिंग कोण ऐकणार, नावं बदलणार का, नको वाटलेला भाग पुसता येईल का, हे मालवणीत, सावकाश सांगा.

मग जागा बघा. जुलैत कौलांवर पाऊस कोसळत असताना हळू ‘हं’ हाती लागतच नाही. किनाऱ्यालगतच्या घरात समुद्राची गाज असतेच. पावसाळा सरल्यावर, आतल्या ओटीवर, पंखा बंद करून बसवा. माणसं रोज जशी बसतात तशीच बसू द्या. कॅमेऱ्यासाठी त्यांना हलवू नका.

कॅमेरे दोन हवेत, आणि दुसरा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर. माझ्या मते सगळ्यांत जास्त चूक इथेच होते. बोलणाऱ्याचाच चेहरा घेतला तर मान डोलावणं, भुवई उचलणं, नजर वळवणं सगळं निसटतं, आणि ते नंतर कुठूनही परत आणता येत नाही. प्रत्येकाच्या कपड्यांना छोटा माइक लावा. सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे सगळी रेकॉर्डिंग नंतर एकमेकांशी जुळवता येतात. मग तुम्ही तिथून उठा.

लिहिताना आधी शब्द उतरवा, मग पुन्हा ऐका ते फक्त ऐकणाऱ्यासाठी. एका मिनिटाला तासभरही लागतो. घाई करू नका. संभाषणाच्या अभ्यासक गेल जेफरसन यांची चिन्हपद्धत जगभर वापरतात: शांतता सेकंदांत गोल कंसात, जिथे दोन आवाज एकमेकांवर चढतात तिथे चौकटी कंस, हळू आवाजाच्या दोन्ही बाजूंना अंशाचं चिन्ह.

आजी: होडी इली ती [रिकामीच
नात: [°हं°
(०.६)
नात: च्च्

लांबवलेल्या स्वरासाठी जेफरसन यांच्या पद्धतीत अपूर्णविराम (:) वापरतात. देवनागरीत तो विसर्गासारखा दिसतो, म्हणून मी आपला अवग्रह घेते: हंऽऽ. ‘च्च्’सुद्धा गाळू नका. हळहळीचा ‘च्च्’ आणि नाराजीचा ‘च्च्’ कागदावर सारखेच दिसतात, म्हणून चेहरा कसा होता ते शेजारी नोंदवा.

मान डोलावणं वेगळ्या ओळीत लिहा: कोणत्या अक्षराला सुरू झालं, कुठे संपलं. नेदरलँड्समधल्या मॅक्स प्लांक संस्थेत तयार झालेलं ‘एलान’ हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी सोयीचं आहे. त्यात व्हिडिओखाली प्रत्येकाची, मानेची, नजरेची वेगळी पट्टी करता येते. मात्र त्या क्षणी ‘सहमती’, ‘कंटाळा’ असं काही लिहू नका. ‘मान दोनदा खाली’ एवढंच लिहा. अर्थ ठरवायची वेळ नंतर येते, आणि तो ठरवताना बोलणाऱ्यानं पुढे काय केलं ते बघावं लागतं: आजी थांबली, की तेच पुन्हा सांगू लागली?

शेवटी तेच एक मिनिट त्याच गावच्या दुसऱ्या कुणाला, तुमचं लिखाण न दाखवता, उतरवायला द्या. जिथे दोघांचं जुळणार नाही, तिथे एकत्र बसून पुन्हा ऐका.