ऑल-इन-वन प्रिंटर घेताय? आधी पाठपोट स्कॅनचं विचारा

घरच्या ऑफिससाठी ऑल-इन-वन म्हणजे प्रिंट, स्कॅन आणि कॉपी एकाच यंत्रात. वायफाय हवं, ए-४ कागद चालायला हवा, हे काही सांगायला नको, सोडून देते. ऑर्डर टाकण्याआधी कागदावर एकच ओळ लिहून ठेवा: स्कॅनर पाठपोट स्कॅन करतो का? प्रिंटर नव्हे. स्कॅनर.

इतकं ठासून सांगते कारण खोक्यावरची भाषा फसवी असते. 'ऑटो ड्युप्लेक्स' असं ठळक छापलेलं असतं, शेजारी पानाचं आणि वळलेल्या दोन बाणांचं चित्र. त्याचा अर्थ एवढाच की यंत्र कागद उलटवून दोन्ही बाजूंना छापतं. मग त्याच खोक्यावर एडीएफ दिसतो, म्हणजे कागदांचा गठ्ठा ठेवला की एकेक पान आत ओढून घेणारा वरचा ट्रे. या दोन्ही गोष्टी वाचून आपण परस्पर बेरीज करून टाकतो: गठ्ठा ठेवला की दोन्ही बाजू स्कॅन होणार. नाही होत. बऱ्याच मॉडेलांत छपाई पाठपोट असते आणि एडीएफ एकच बाजू वाचतो. मागचा प्रिंटर मी याच बेरजेवर घेतला होता.

त्यात बिघडतं काय ते सांगते. वीस कागदांचा पाठपोट छापलेला करार आहे. आधी सगळ्या पुढच्या बाजू वाचून घ्यायच्या, मग गठ्ठा तसाच उलटा करून मागच्या. हातात दोन पीडीएफ येतात. एकीत १, ३, ५ अशी पानं, दुसरीत ४०, ३८, ३६ अशी उलट्या क्रमाने. आता ही एकमेकांत गुंफायची. काही स्कॅनिंग सॉफ्टवेअर हे गुंफून देतात, पण मधे कुठे दोन कागद एकदम ओढले गेले की तिथून पुढची प्रत्येक जोडी चुकते, आणि ते कळतं करार समोरच्याला पाठवून झाल्यावर.

म्हणून मॉडेलच्या तांत्रिक माहितीत 'प्रिंट'खालचा ड्युप्लेक्स बघून खूश होऊ नका. खाली 'स्कॅन'पर्यंत या, एडीएफची ओळ शोधा, तिथे ड्युप्लेक्स लिहिलंय का बघा. तिथे काहीच लिहिलेलं नसेल तर एकच बाजू असं धरून चाला. विक्रेता "हो, ड्युप्लेक्स आहे की" म्हणाला तर परत विचारा: छपाईत की स्कॅनमध्ये? लिहिलेलं असेल तर त्यातही दोन जाती आहेत. एका प्रकारात एडीएफ पान एकदा वाचतो, आतल्या आत उलटवतो आणि परत वाचतो. हा सावकाश चालतो आणि जुने, घडी पडलेले कागद त्यात जास्त अडकतात. दुसऱ्यात दोन्ही बाजूंना वाचणारी पट्टी असते, पान एका फेरीत दोन्हीकडून वाचून होतं. हा महाग. महिन्यातून एखादा गठ्ठा असेल तर पहिला पुरतो. रोज कागदपत्रं येत असतील तर दुसराच घ्या, नंतर हळहळू नका.

एडीएफपाशी आलोच आहोत तर लीगल कागदाचंही बघून घ्या. घरगुती यंत्रांची स्कॅनची काच बहुधा ए-४ एवढीच असते. लीगल कागद २१६ बाय ३५६ मिलीमीटर, तो खालून बाहेर लोंबतो. तो स्कॅन करायचा तर एडीएफमधूनच, आणि तोही लीगल घेणारा असेल तरच.

आता शाई की लेझर. बहुतेक काळा मजकूरच छापायचा असेल आणि मधे आठवडेच्या आठवडे यंत्र नुसतं बसून राहणार असेल, तर काळा-पांढरा लेझर घ्या आणि फार विचार करू नका. टोनर म्हणजे कोरडी पूड, ती काही वाळत नाही. कागदावर शाई फवारणाऱ्या हेडची छिद्रं केसाहून बारीक, वापर थांबला की शाई त्यांत सुकते. मग हेड क्लीनिंग चालवायचं. त्यात शाई ओढून फुकट जाते आणि फुकट गेलेली शाई आतल्या एका पॅडमध्ये जमते. पॅड भरला की यंत्र छापायचं थांबवतं, टाक्या काठोकाठ भरलेल्या असल्या तरी. तेव्हा शाईचाच घेणार असाल तर तो पॅड किंवा मेंटेनन्स बॉक्स घरी बदलता येतो का, हे घेण्याआधी विचारा. काही मॉडेलांत एक झाकण उघडून डबी बदलली की झालं, काहींना सर्व्हिस सेंटरला न्यावं लागतं.

रंगीत लागतच असेल तर टाकीवाला. एप्सनचे इकोटँक, कॅननचे मेगाटँक, एचपीचे स्मार्ट टँक, सगळे बाटलीने शाई भरायचे. काळी शाई पिगमेंटची (न विरघळणाऱ्या बारीक कणांची) की डायची (विरघळलेल्या रंगाची), तेवढं बघा. डायच्या अक्षरावरून हायलायटर फिरवला किंवा ओलं बोट लागलं की अक्षर फरफटतं. सह्यांच्या कागदांना आणि पाकिटावरच्या पत्त्यांना पिगमेंटच हवी. आणि लक्षात घ्या, टाकीवाल्या लहान मॉडेलांत पुष्कळदा एडीएफच नसतो, नुसती काच. मग पाठपोट स्कॅनचा विषयच संपला. शाई स्वस्त पडते म्हणून तिकडे वाहवत जाऊ नका.

खोक्यावर 'इतकी हजार पानं' असा आकडा असतो. काळ्या टोनरचा आकडा आयएसओ १९७५२ या चाचणीतून आलेला असतो आणि त्या चाचणीच्या पानाचा जेमतेम ५ टक्के भाग काळा असतो. मोठा लोगो, काळ्या पट्टीचे तक्ते असलेल्या तुमच्या पानाला तो हिशोब लागू नाही. शिवाय यंत्रासोबत येणारा टोनर बऱ्याचदा कमी भरलेला असतो. आकड्यांची तुलना करायची तर दोन मॉडेलांच्या विकतच्या टोनरची करा. काही यंत्रं बाहेरचं कार्ट्रिज नाकारतात, काही आधी घेतात आणि फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट झाल्यावर नाकारतात. शाईची वर्गणी, म्हणजे कंपनीला ठरावीक पैसे भरून शाई मिळवायची योजना, घेतलीत तर बहुधा यंत्र इंटरनेटला जोडलेलं ठेवावं लागतं. हे पटत असेल तरच त्या वाटेला जा.

जागा मोजा, पण यंत्र उघडलेलं धरून. एडीएफसकट झाकण वर जातं, काहींत कागद मागे उभा राहतो, पुढचा ट्रे बाहेर येतो. शेल्फच्या खणात यंत्र नेमकं मावतं आणि झाकण अर्धंच उघडतं, मग जाड वही काचेवर ठेवता येत नाही. टाकीवाला सपाट जागीच हवा, आणि शाई भरल्यावर तिरका करून इकडेतिकडे हलवायचा नाही. लेझरची वायर यूपीएसमध्ये लावू नका. टोनर कागदावर वितळवणारा भाग तापताना तो एकदम भरपूर वीज ओढतो. थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. यूएसबीची चौकोनी तोंडाची केबल खोक्यात असेलच असं नाही. वायफाय रुसलं तर तीच कामाला येते, आणूनच ठेवा.

खोकं उघडल्यावर टेप काढा. निळ्या-नारिंगी पट्ट्या सगळ्या निघाल्या असं वाटलं की मागचं दार, एडीएफचं झाकण आणि कार्ट्रिजची जागा अजून एकदा बघा. शाई भरताना वरच्या रेषेपुढे जायचं नाही. पहिल्यांदा नळ्या भरल्या जातात, तेव्हा टाकीतली पातळी उतरते. गळती नाही ती. ते चालू असताना वीज तोडू नका. नंतर बाटलीत उरलेली शाई ओता. इथेच एक सवय लावून घ्या: यंत्र बंद करायचं ते त्याच्या स्वतःच्या बटणाने, भिंतीवरच्या स्विचने कधीच नाही. बटण दाबलं की हेड आपल्या जागी जातं आणि त्यावर टोपी बसते. मधेच वीज गेली तर ते उघडं राहतं आणि सुकतं.

पहिलं छापलेलं अलाइनमेंटचं, म्हणजे छपाई नीट जुळवायचं, पान फेकू नका. बऱ्याच यंत्रांत तेच पान काचेवर पालथं ठेवून स्कॅन करायचं असतं.

वायफाय. पुष्कळ प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. फोन ५ वर असतो, अ‍ॅपला प्रिंटर सापडत नाही आणि आपण पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करत बसतो. राउटरवर दोन्ही बँडचं नाव एकच असेल तर जोडणीपुरती नावं वेगळी करा. गेस्ट नेटवर्कवर प्रिंटर टाकू नका, तिथली उपकरणं सहसा एकमेकांना दिसत नाहीत. जोडला गेला की राउटरमध्ये जाऊन त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा क्रमांक) राखून ठेवा. नाहीतर राउटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलू शकतो आणि कॉम्प्युटर 'ऑफलाइन' म्हणून बसतो, समोर प्रिंटरचा दिवा जळत असतानाही. राउटर शेजारीच असेल आणि यंत्राला लॅनची खाच असेल तर सरळ केबल लावा, कटकट संपली.

कॉम्प्युटरवर कागदाचा आकार लेटर असेल तर तो ए-४ करा, यंत्राच्या पडद्यावर आणि ड्रायव्हरमध्ये (कॉम्प्युटरवरून प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर), दोन्हीकडे. लेटर २७९ मिलीमीटर उंच, ए-४ २९७. एवढ्याशा फरकासाठी यंत्र 'कागद जुळत नाही' म्हणून अडून राहतं. छपाई तर आयफोनवरून एअरप्रिंटने आणि अँड्रॉइडवरून मोप्रियाने ड्रायव्हरशिवायही होते. पण स्कॅनसाठी कंपनीचं पूर्ण सॉफ्टवेअर टाका, साध्या अ‍ॅपमध्ये सगळे पर्याय दिसतीलच असं नाही. पाठपोटचा पर्याय तर हमखास कुठेतरी आत दडवलेला असतो, आणि तो आपोआप चालू नसतो. निवडावा लागतो. एकदा निवडून, ३०० डीपीआय (इंचाला ठिपके, म्हणजे स्कॅनची बारकाई) आणि पीडीएफ ठरवून, 'करार पाठपोट' अशा नावाने ते सेटिंग जपून ठेवा. शिक्के असलेले कागद रंगीत स्कॅन करा. नुसत्या काळ्या-पांढऱ्यात निळा शिक्का आणि त्याखालची सही एकमेकांत मिसळून जाते.

आता खोकं टाकून देण्याआधीची परीक्षा. ही टाळायची नाही. दहा कागद घ्या, दोन्ही बाजूंना पेन्सिलने १ ते २० आकडे घाला, एडीएफमध्ये ठेवा, एकदाच बटण दाबा. एकाच पीडीएफमध्ये वीस पानं, ओळीने, कुठलंही उलटं न होता आली पाहिजेत. आकडे दहाच आले तर आधी सेटिंग बघा, मग तांत्रिक माहिती. यंत्रच एका बाजूचं निघालं तर परत करायची मुदत आहे तोवर परत करा. छपाई सुरेख येते, वायफाय लगेच जोडलं गेलं, आता राहू दे, असं मनात येईलच. राहू देऊ नका. पाठपोट स्कॅन नंतर कुठल्याही अपडेटने येत नाही, तो यंत्रात असावाच लागतो.

याच परीक्षेत स्कॅनवर उभी बारीक रेघ दिसली तर घाबरू नका. झाकण उघडा. मोठ्या काचेच्या बाजूला बोटभर रुंदीची काचेची वेगळी पट्टी असते. एडीएफमधून जाणारं पान त्या पट्टीवरून सरकतं आणि तिथे वाचलं जातं. तिच्यावर व्हाइटनरचा खसखशीएवढा ठिपका चिकटला की प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत रेघ उमटते. मोठी काच कितीही पुसा, ती जात नाही. किंचित ओलसर मऊ कापडाने ती पट्टी पुसा, नखाने खरवडू नका. एका फेरीत दोन्ही बाजू वाचणारं यंत्र असेल तर दुसरी पट्टी एडीएफच्या आत असते. रेघ फक्त मागच्या बाजूंवर येत असेल तर तिथे बघा. यापुढे गठ्ठा ठेवण्याआधी पिना काढायच्या, कोपरे सरळ करायचे, कागद फडफडवून सुटे करायचे, ओलं व्हाइटनर असलेलं पान काचेवरच ठेवायचं.

उरलेलं भराभर. यंत्राचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. ऑटो पॉवर ऑफ बंद करा, नाहीतर यंत्र पूर्ण झोपतं आणि उठून बटण दाबावं लागतं. स्लीप राहू द्या. स्कॅन थेट फोल्डरमध्ये जाईल असं लावून घ्या, ईमेलचं जमलं तर ठीक. शाईचा असेल तर आठवड्यातून एक रंगीत पान छापा. कागदाचं उघडलेलं पाकीट दुमडून बंद ठेवा, दमट कागद अडकतो. वॉरंटीची नोंदणी करा, बिलाचा फोटो काढून ठेवा. एक काळी बाटली किंवा टोनर जादा आणून ठेवा, सील न तोडता.